बंद केलेल्या प्रोग्रॅमची मेमरी जाते कुठे? लिनक्समधील पेज कॅशची ओळख

विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ज्यांवर अधिकृतपणे बसत नाही, पण जे अजून ठणठणीत चालतात, अशा संगणकांच्या मालकांपुढे जे मार्ग उरले, त्यांतील एक लिनक्सचा. या मार्गाने गेलेल्या नवख्या वापरकर्त्याला पहिल्या काही दिवसांतच एक गोष्ट खटकते. ब्राउझर बंद केला, कागदपत्रे मिटली, गाणी थांबवली. तरीही मेमरीचा हिशेब पाहावा, तर आठ गिगाबाइटपैकी जेमतेम दोन-तीनशे मेगाबाइट ‘मोकळे’ दिसतात. सकाळी संगणक सुरू केला, तेव्हा सहा गिगाबाइट मोकळे होते. दिवसभरात ते गेले कुठे?

या प्रश्नाची घाईची उत्तरे ठरलेली आहेत. कोणी म्हणते, लिनक्सची मेमरी गळते. कोणी रॅम वाढवून घेतो. कोणी कुठेतरी वाचलेला ‘कॅश साफ करण्याचा’ आदेश दर तासाला आपोआप चालेल अशी व्यवस्था करून ठेवतो. भाड्याचा सर्व्हर वापरणारा छोटा व्यावसायिक आलेखावर पंच्याण्णव टक्क्यांची रेघ पाहून महिन्याला जास्त पैसे मोजण्याची वरची योजना घेतो. हे सारे उपाय बहुधा नसलेल्या रोगावरचे असतात. मेमरी गेलेली नसते. ती उसनी दिलेली असते, आणि मागताक्षणी परत मिळणार असते. मात्र असे कधी असते आणि कधी नसते, हे ओळखण्यासाठी प्रोग्रॅम बंद होतो तेव्हा आत नेमके काय घडते, ते पाहावे लागते.

दोन जातींची मेमरी

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीचे समान तुकडे पाडून त्यांचा हिशेब ठेवतो. या तुकड्याला ‘पेज’ म्हणतात. घरगुती संगणकांत सर्वत्र आढळणाऱ्या इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांवर त्याचा नेहमीचा आकार ४०९६ बाइट असतो. आठ गिगाबाइटच्या संगणकात अशी सुमारे एकवीस लाख पाने भरतात. प्रत्येक पान कोणाचे, कशासाठी दिलेले आणि काढून घेता येण्याजोगे आहे की नाही, याची नोंद कर्नलकडे असते.

या पानांच्या दोन मुख्य जाती आहेत. पहिली जात प्रोग्रॅमने स्वतःच्या कामासाठी मागून घेतलेल्या पानांची. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पृष्ठाची मांडणी, अर्धवट लिहिलेले पत्र, एखाद्या गणिताची मधली आकडेमोड, हे सारे तिच्यात बसते. या मजकुरामागे डिस्कवरची कोणतीही फाइल नसते, म्हणून कर्नलच्या परिभाषेत ही पाने ‘अनामिक’ ठरतात. दुसरी जात फाइलच्या पानांची. डिस्कवरची कोणतीही फाइल वाचली की तिचा वाचलेला भाग आधी मेमरीत येतो आणि मग प्रोग्रॅमला मिळतो. मेमरीत आलेल्या या भागांच्या साठ्याला ‘पेज कॅश’ म्हणतात. (हा ‘कॅश’ बँकेतल्या रोकडीचा नव्हे. ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून निघालेला तो वेगळा शब्द आहे. गरजेच्या वेळी काढण्यासाठी हाताशी दडवून ठेवलेली चीजवस्तू, असा त्याचा मूळ अर्थ.)

प्रोग्रॅम बंद होतो, तेव्हा या दोन जातींची वाट वेगळी होते. अनामिक पाने कर्नल तत्क्षणी परत घेतो. प्रोग्रॅम नीट बंद झाला, कोसळला किंवा सक्तीने मारला, तिन्ही प्रसंगी हे घडते. त्यासाठी प्रोग्रॅमच्या सौजन्याची गरज नसते. लेखकाच्या चुकीमुळे चालू असताना मेमरी गळणारा प्रोग्रॅमही संपला, की त्याने अडवलेली अनामिक पाने सुटतात. सुटलेले पान पुढे दुसऱ्या प्रोग्रॅमला देण्यापूर्वी कर्नल ते शून्यांनी भरून कोरे करतो, म्हणजे एकाचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती पडत नाही.

फाइलची पाने मात्र प्रोग्रॅमच्या मालकीची कधी नसतातच. ती फाइलची असतात आणि प्रोग्रॅम त्यांचा केवळ वाचक असतो. वाचक उठून गेला, तरी पान कॅशमध्ये राहते. लिब्रेऑफिस बंद केल्यावर त्याची आज्ञावली, त्याने वापरलेली सामायिक ग्रंथालये, उघडलेली दस्तऐवजाची फाइल आणि मजकूर दाखवण्यासाठी वाचलेला लोहित देवनागरीसारखा टंक, या साऱ्यांची वाचली गेलेली पाने मेमरीत तशीच असतात. म्हणूनच संगणक सुरू केल्यावर पहिल्यांदा उघडायला बराच वेळ घेणारा प्रोग्रॅम दुसऱ्यांदा चटकन उघडतो. टंकाचे पान ब्राउझरलाही लागले, तर त्याला तेच पान मिळते. एकाच फाइलच्या दोन प्रती मेमरीत ठेवल्या जात नाहीत.

किराणा दुकानदाराच्या वागण्यात हीच रीत दिसते. गिऱ्हाइकाने तांदूळ मागितला, म्हणून मागच्या गोदामातून पोते आणून गल्ल्याजवळ उघडले. गिऱ्हाईक निघून गेले, तर दुकानदार ते पोते शिवून पुन्हा गोदामात नेऊन टाकत नाही. पुढचा माणूसही तांदूळच मागण्याची शक्यता मोठी असते, आणि पोते तिथे असल्याने कोणाचे अडत नाही. गुळाची ढेप ठेवायला जागा हवी झाली, तर पोते हलवता येते. त्या गिऱ्हाइकाच्या बेरजेसाठी केलेला कच्चा कागद मात्र ते जाताच टोपलीत जातो. अनामिक पान म्हणजे हा कच्चा कागद. तांदळाचे पोते म्हणजे पेज कॅश. उपमा येथेच थोडी अपुरी पडते, कारण संगणकात मूळ माल गोदामात तसाच असतो आणि गल्ल्याजवळ असते ती केवळ प्रत. म्हणून ती हलवण्याचेही श्रम नसतात. ती पुसली की काम झाले.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर वेगाच्या आकड्यांत आहे. मेमरीतून मजकूर उचलायला सुमारे शंभर नॅनोसेकंद लागतात, एसएसडीतून साधारण शंभर मायक्रोसेकंद आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर योग्य जागी पोचायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास. मेमरीचा वेळ एक सेकंद मानला, तर एसएसडीला सोळा-सतरा मिनिटे आणि हार्ड डिस्कला एका दिवसाहून अधिक काळ लागेल. जुन्या संगणकांत अजून हार्ड डिस्कच असतात. म्हणजे कॅशची खरी गरज त्यांनाच अधिक, आणि मोकळी मेमरी दिसत नाही म्हणून तिला हुसकावण्याची घाईही बहुधा त्यांच्याच मालकांना.

आकडे कसे वाचावेत

मेमरीचा हिशेब दाखवणारा ‘फ्री’ हा आदेश लिनक्समध्ये जुना आहे आणि गैरसमजाचे मूळही बरेचसे त्याच्याच रकान्यांत आहे. समजा, एका संगणकात एकूण ७८२० मेगाबाइट मेमरी उपलब्ध आहे. ब्राउझर चालू असताना ‘युज्ड’ या रकान्यात २३५०, ‘फ्री’मध्ये ३१० आणि ‘बफ/कॅश’मध्ये ५१६० असे आकडे दिसतात. ब्राउझर बंद केला, की ‘युज्ड’ १२५० वर येतो आणि ‘फ्री’ १४०० वर चढतो. कॅश जवळपास तेवढाच, ५१७० राहतो. अनामिक पाने सुटली आणि फाइलची पाने राहिली, हे या तीन आकड्यांवरून सरळ वाचता येते.

यानंतर सव्वा गिगाबाइटच्या आसपासचा एखादा चित्रपट दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी केला, तर ‘फ्री’ पुन्हा २१० वर घसरतो आणि कॅश ६३६० वर जातो. एकही नवा प्रोग्रॅम चालू नाही, तरी मोकळी मेमरी संपल्यात जमा! घाबरण्याचा क्षण हाच असतो. पण पाहायचा तो रकाना हा नव्हेच.

पाहायचा तो ‘अव्हेलेबल’. नवा प्रोग्रॅम उघडल्यास डिस्कवरच्या स्वॅपचा आधार न घेता त्याला किती मेमरी देता येईल, याचा हा अंदाज आहे. वरच्या उदाहरणात ब्राउझर बंद केल्यावर तो सहा हजारांच्या आसपास असेल, आणि चित्रपट कॉपी केल्यावरही तिथेच राहील. हा अंदाज कर्नल स्वतः काढतो: मोकळी पाने, त्यांत काढून घेण्याजोग्या कॅशची भर आणि त्यांतून आणीबाणीसाठी राखलेल्या पानांची वजावट. २०१४ साली आलेल्या ३.१४ या आवृत्तीपासून ‘मेमअव्हेलेबल’ ही ओळ कर्नलच्या अहवालात आली, आणि ‘फ्री’ या आदेशाने त्याच वर्षी तिच्यासाठी रकाना केला. त्याआधी वापरकर्त्याला कॅशचे आकडे वजा-अधिक करून स्वतःच अंदाज बांधावा लागे, आणि तो बहुधा चुके. लिनक्सचा पहिला कर्नल लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत प्रसिद्ध केला. सामान्य माणसाला विचारावासा वाटणाऱ्या या साध्या प्रश्नाचे थेट उत्तर मिळायला त्यानंतर तेवीस वर्षे जावी लागली, हे थोडे नवलाचेच.

एक खुलासा आवश्यक आहे. ‘फ्री’च्या नव्या आवृत्त्यांत ‘युज्ड’ हा आकडा एकूण मेमरीतून ‘अव्हेलेबल’ वजा करून काढतात. त्यामुळे तीन रकान्यांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही, असे दिसले तर तो बिघाड नव्हे. ‘बफर’ आणि ‘कॅश’ ही दोन नावे का, हाही प्रश्न अनेकांना पडतो. २००१ च्या जानेवारीत आलेल्या २.४ या आवृत्तीपूर्वी डिस्कवरच्या ठोकळ्यांचा एक आणि फाइलच्या पानांचा दुसरा, असे दोन वेगळे साठे असत व तोच मजकूर दोन्हीकडे पडून राही. २.४ मध्ये ते एक झाले. नावे मात्र अहवालात उरली, आणि आज ‘बफर’खाली मुख्यतः फाइल प्रणालीची अंतर्गत नोंदवही येते.

जागा हवी झाली तर

कॅश मागताक्षणी परत मिळतो, असे वर म्हटले. ही परतफेड कशी होते, हा या व्यवस्थेतला सर्वांत कौशल्याचा भाग आहे. कोणते पान आधी टाकावे? आदर्श उत्तर १९६६ साली आयबीएममधील लास्लो बेलाडी यांनी मांडले: जे पान भविष्यात सर्वांत उशिरा लागणार आहे ते. भविष्य कोणालाच ठाऊक नसल्याने हे उत्तर केवळ मोजपट्टी म्हणून उपयोगी पडते. व्यवहारात भूतकाळावरून अदमास घ्यावा लागतो. जे पान बराच काळ कोणी पाहिले नाही, ते पुढेही लागणार नाही, असे धरून चालायचे.

लिनक्समध्ये त्यासाठी पानांच्या दोन रांगा असतात, सक्रिय आणि निष्क्रिय. पहिल्यांदा वाचलेले फाइलचे पान निष्क्रिय रांगेत लागते. ते पुन्हा वाचले गेले, तरच सक्रिय रांगेत बढती मिळते. या साध्या नियमाचा फायदा मोठा आहे. एकदाच पाहिलेल्या दोन गिगाबाइटच्या चित्रपटाने रोज लागणाऱ्या प्रोग्रॅमची पाने सहसा ढकलली जात नाहीत. चित्रपटाचीच जुनी पाने निष्क्रिय रांगेच्या टोकाने बाहेर पडत राहतात. २००८ साली अनामिक आणि फाइलच्या पानांच्या रांगा वेगळ्या केल्या गेल्या. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ६.१ या आवृत्तीत गूगलच्या यू झाओ यांनी तयार केलेली बहुपिढी पद्धत दाखल झाली. तिच्यात दोन रांगांऐवजी पानांच्या वयानुसार अनेक पिढ्या मानल्या जातात. कोणती पद्धत चालू ठेवायची, हे वितरण ठरवते.

पाने टाकण्याचे काम ‘के-स्वॅप-डी’ नावाचा कर्नलचा सेवक पडद्यामागे करतो. मोकळ्या पानांची संख्या एका ठरलेल्या खुणेखाली गेली की तो जागा होतो आणि वरच्या खुणेपर्यंत पाने मोकळी करून पुन्हा निजतो. वापरकर्त्याला याचा पत्ताही लागत नाही. मागणीचा ओघ त्याच्या आवाक्याबाहेर गेला, तर मात्र मेमरी मागणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवून आधी पाने मोकळी करायला लावले जाते. पडदा गोठल्यासारखा वाटतो तो बहुधा तेव्हा. तेवढ्यानेही भागले नाही, की ‘ओओएम किलर’ हा शेवटचा उपाय. सर्वाधिक मेमरी खाणारा प्रोग्रॅम निवडून तो ठार केला जातो. येथवर पाळी आली, तर कॅशला दोष देण्यात अर्थ नाही, कारण काढून घेण्याजोगा कॅश त्याच्या फार आधीच काढून घेतलेला असतो.

अनामिक पानांना मागे फाइल नसल्याने ती नुसती पुसता येत नाहीत. ठेवायची तर स्वॅपमध्ये लिहावी लागतात. फाइलची पाने टाकायची की अनामिक पाने स्वॅपमध्ये पाठवायची, याचा तोल ‘स्वॅपीनेस’ या आकड्याने ठरतो. त्याचे मूळ मूल्य ६० असते. स्वॅपमध्ये काहीशे मेगाबाइट पडलेले दिसले की मेमरी अपुरी पडली, असा समज आहे. सकाळी उघडून विसरलेल्या प्रोग्रॅमची पाने स्वॅपमध्ये गेली आणि त्या जागी रोज लागणाऱ्या फाइली बसल्या, तर तो तोट्याचा सौदा नव्हे. चिंता करावी ती स्वॅपमध्ये सतत ये-जा चालू असेल तेव्हा. ‘व्हीएमस्टॅट’ या आदेशातले ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे दोन रकाने शून्याजवळ असतील, तर भरलेला स्वॅपही निरुपद्रवी असतो.

न लिहिलेली पाने आणि पेनड्राइव्ह

आतापर्यंत वाचण्याविषयी सांगितले. लिहिण्याचा प्रकार अधिक नाजूक आहे, आणि खरे नुकसान होते ते येथेच. प्रोग्रॅमने फाइलमध्ये काही लिहिले, की ते लगेच डिस्कवर जात नाही. ते पेज कॅशमधल्या पानावर लिहिले जाते, प्रोग्रॅमला ‘झाले’ असे सांगितले जाते, आणि त्या पानावर ‘डर्टी’ म्हणजे अजून डिस्कवर न उतरवलेले अशी खूण पडते. दुकानदाराने उधारी कागदाच्या चिटोऱ्यावर टिपून ठेवली, खतावणीत चढवायची राहिली, तसेच हे. असे पान खतावणी होईपर्यंत टाकता येत नाही. मूळ मांडणीनुसार कर्नल दर पाच सेकंदांनी फेरी मारतो आणि तीस सेकंदांहून जुनी न उतरवलेली पाने डिस्कवर पाठवतो. अशी पाने उपलब्ध मेमरीच्या दहा टक्क्यांवर गेली की त्याआधीच लिहिणे सुरू होते. वीस टक्क्यांवर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच रोखले जाते.

लग्नाच्या छायाचित्रांचे पाचशे मेगाबाइट पेनड्राइव्हवर कॉपी करताना हिरवी पट्टी काही सेकंदांत शंभर टक्क्यांना पोचते, ती या कारणाने. सेकंदाला दहा मेगाबाइट लिहिणाऱ्या साध्या पेनड्राइव्हला ते काम पन्नास सेकंदांत उरकणे शक्यच नाही असे नाही, पण त्याहून लवकर ते होणार नाही, हे उघड आहे. तोवर छायाचित्रे संगणकाच्या मेमरीत असतात. पेनड्राइव्ह तेवढ्यात उपटला, तर फोल्डरमध्ये नावे दिसतात आणि आत काहीच नसते. कॉपी करणारी खिडकी बंद करणे म्हणजे काम पूर्ण होणे नव्हे. ‘इजेक्ट’ दाबून सुरक्षितपणे काढता येईल असा संदेश येईपर्यंत थांबणे, किंवा ‘सिंक’ हा आदेश देऊन तो परत येईपर्यंत वाट पाहणे, हाच मार्ग. पावसाळ्यात ज्या गावांत वीज केव्हाही जाते, तेथे डेस्कटॉप संगणकाला हाच धोका असतो. डेटाबेससारखी जबाबदार सॉफ्टवेअरे महत्त्वाच्या नोंदीनंतर ‘एफसिंक’ करून पाने तत्काळ उतरवून घेतात. साध्या कॉपीत ती तसदी सहसा घेतलेली नसते. यूपीएसचा खर्च रॅमच्या खर्चापेक्षा येथे अधिक सार्थकी लागतो.

साफ करण्याचा आदेश

२००६ मध्ये, कर्नलच्या २.६.१६ या आवृत्तीत ‘ड्रॉप कॅशेस’ ही सोय आली. तिच्यात १ लिहिला, की पेज कॅशची उतरवलेली पाने टाकली जातात. २ लिहिला, की फोल्डर आणि फाइलींच्या नावनोंदीचा साठा. ३ लिहिला, की दोन्ही. न उतरवलेली पाने तिने जात नाहीत, त्यामुळे मजकूर गमावण्याची भीती नाही. कर्नलच्या दस्तऐवजातच ही सोय कॅशची वाढ रोखण्यासाठी नाही आणि चाचणी वा दोषशोधनाबाहेर तिचा वापर करू नये, असे सांगितले आहे. डिस्कचा खरा वेग मोजायचा असेल, तर कॅश रिकामा करून मोजणे योग्यच. तिचा जन्म तशाच कामांसाठी झाला.

दर तासाला ती चालवण्याने काय साधते? ‘फ्री’चा आकडा फुगतो आणि आलेख देखणा दिसतो. त्याच क्षणी चालू प्रोग्रॅमना लागणारी फाइलींची पाने पुन्हा डिस्कवरून आणावी लागतात. हार्ड डिस्कवर ही खरखर कानांनीही ऐकू येते. थोड्या वेळात कॅश पुन्हा पूर्वीइतका भरतो, आणि तासाने पुन्हा रिकामा होतो. पोस्टग्रेएसक्यूएलसारखा डेटाबेस तर कर्नलच्या कॅशवर जाणूनबुजून विसंबून असतो. स्वतःसाठी तो रॅमचा साधारण चौथा हिस्सा घेतो, ही सुरुवातीची शिफारस आहे, आणि बाकीचे काम पेज कॅश करील असे गृहीत धरतो. अशा सर्व्हरवर ही सफाई चालवणे म्हणजे त्याच्या पायाखालची फळी दर तासाला काढून घेणे.

मेमरी खरोखर सुटत नाही तेव्हा

प्रोग्रॅम बंद करूनही ‘अव्हेलेबल’ वर येत नसेल, तर तक्रार खरी असू शकते. पहिली शक्यता अगदी साधी: प्रोग्रॅम बंद झालेलाच नसतो. खिडकी मिटते, पण क्रोमसारखा ब्राउझर किंवा संदेशांचे एखादे ॲप पडद्यामागे चालू राहते. ‘टॉप’ किंवा ‘एचटॉप’मध्ये ते लगेच दिसते. झोम्बी म्हणून दिसणाऱ्या प्रक्रियांना उगाच बोल लावला जातो. त्यांची मेमरी आधीच परत घेतलेली असते, उरते ती केवळ यादीतली एक ओळ.

दुसरी शक्यता फसवी आहे. ‘टीएमपीएफएस’ ही डिस्कविना, नुसत्या मेमरीत राहणारी फाइल प्रणाली. फेडोरासह काही वितरणांत ‘टीएमपी’ हा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर तिच्यावरच असतो. तेथे दोन गिगाबाइटची फाइल उतरवून ठेवली आणि तिचा प्रोग्रॅम बंद केला, तर ते दोन गिगाबाइट अडकून राहतात. आणि अहवालात ते ‘कॅश’ म्हणूनच मोजले जातात. हा कॅश टाकता येत नाही, कारण त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. प्रोग्रॅमांनी आपापसांत वाटून घेतलेल्या सामायिक मेमरीचेही तसेच. जुन्या पद्धतीचे असे तुकडे मालक प्रोग्रॅम संपल्यावरही मुद्दाम पुसेपर्यंत राहतात. ‘फ्री’च्या ‘शेअर्ड’ रकान्यातला मोठा आकडा हीच खूण देतो, आणि ‘अव्हेलेबल’मध्ये ही पाने धरलेली नसतात. झेडएफएस फाइल प्रणाली वापरणाऱ्यांना उलटा अनुभव येतो. तिचा स्वतःचा वेगळा कॅश असतो, तो ‘कॅश’मध्ये न दिसता ‘युज्ड’मध्ये दिसतो, आणि रॅमचा मोठा हिस्सा कोणी खाल्ला याचा शोध घेताना माणूस हैराण होतो.

तिसरी शक्यता कर्नलच्याच एखाद्या भागाने, बहुधा एखाद्या चालकाने, मेमरी घेऊन न सोडण्याची. असे क्वचित घडते. संगणक पुन्हा सुरू केल्याशिवाय ती सुटत नाही, आणि कर्नल अद्ययावत ठेवणे एवढेच वापरकर्त्याच्या हाती असते.

बंद केलेल्या फाइलचा मजकूर मेमरीत राहतो म्हणजे तो कोणीही वाचू शकतो का, अशी शंकाही रास्त आहे. फाइल उघडताना परवानगी तपासली जाते, मग मजकूर कॅशमधून येवो वा डिस्कवरून. तरीही या कॅशभोवती दोष सापडले आहेत. २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवले, की अमुक फाइलचे पान कॅशमध्ये आहे की नाही, एवढ्या माहितीवरूनही दुसरा प्रोग्रॅम काय करतो याचा सुगावा लागू शकतो. ती माहिती देणारी ‘मिनकोर’ ही सोय त्यानंतर मर्यादित करण्यात आली. २०२२ मध्ये मॅक्स केलरमन यांनी उघडकीला आणलेला ‘डर्टी पाइप’ हा दोष याहून गंभीर होता. लिहिण्याची परवानगी नसलेल्या फाइलची कॅशमधली प्रत सामान्य वापरकर्त्याला त्यामुळे बदलता येत असे, आणि डिस्कवरची मूळ फाइल न बदलताही सारे प्रोग्रॅम ती बदललेली प्रत वाचत. दुरुस्ती तातडीने झाली.

शेवटी खिशातल्या संगणकाविषयी. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच आहे, त्यामुळे फाइलींच्या पानांचे वरचे सारे नियम मोबाइललाही लागू पडतात. त्यांवर अँड्रॉइडने आणखी एक थर चढवला आहे. तेथे ॲपमधून बाहेर पडल्यावर त्याची प्रक्रियाच, अनामिक पानांसह, मेमरीत राखून ठेवतात, म्हणजे पुन्हा उघडताना ते जिथल्या तिथे सापडते. मेमरी कमी पडली, की ‘लो मेमरी किलर’ सर्वांत कमी महत्त्वाच्या ॲपपासून सुरुवात करून ती मोकळी करतो. ‘रॅम बूस्टर’ म्हणून मिरवणारी ॲप हेच काम अवेळी आणि सरसकट करतात. मारलेले ॲप पुन्हा उघडताना ते मुळापासून उभे करावे लागते. वेळही जातो आणि बॅटरीही. मोबाइलमध्ये स्वॅपसाठी स्वतंत्र डिस्क नसल्याने ‘झेडरॅम’ ही युक्ती सर्रास वापरतात, म्हणजे अनामिक पाने दाबून लहान करून मेमरीच्याच एका कोपऱ्यात ठेवतात. फेडोराने २०२० मधील ३३ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवरही हीच पद्धत मूळ मांडणीत घेतली. चार गिगाबाइटच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवणाऱ्याने कॅश साफ करण्याचा आदेश शोधण्यापेक्षा झेडरॅम चालू आहे की नाही, ते ‘झेडरॅमसीटीएल’ या आदेशाने पाहून घेणे अधिक उपयोगाचे.